जिथे गॅरेज नाही, तिथलं इंजिन

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं विनिपेग सरोवर हिवाळ्यात पार गोठून जातं. बर्फाला भोकं पाडून खाली जाळी सोडणाऱ्या तिथल्या कोळ्यांकडे अजूनही एक जुनं वाहन पाहायला मिळतं. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रबरी ट्रॅक, अंग प्लायवूडचं आणि बाजूंना जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. कोळी त्याला नुसतं ‘बॉम्बार्डिअर’ म्हणतात. जाळी, खोकी, मासळी आणि माणसं पोटात घेऊन ते बर्फावरून दूरवर जातं. अशी कित्येक वाहनं १९४० च्या दशकात बनलेली आहेत.

इतकी वर्षं ती टिकली, पण मूळ इंजिनं फार दणकट होती म्हणून नव्हे. त्यांत बसवलेलं इंजिन साध्या मोटारीचं होतं. आधी फोर्डचं व्ही-८, नंतर क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं. झिजलं की ओढून काढायचं आणि दुसऱ्या मोटारीचं बसवायचं. आज धावणाऱ्या अनेक बॉम्बार्डिअरांमध्ये मूळ इंजिन उरलेलंच नाही. बर्फावरच्या इंजिनाच्या टिकाऊपणाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इंजिन किती वर्षं चालेल हे कारखान्यात जेवढं ठरलं, तेवढंच ते ‘बंद पडलं तर उघडणार कोण’ या प्रश्नाने ठरवलं.

हा प्रश्न ज्याच्या धंद्याचा होता, तो माणूस मुळात गॅरेजवालाच होता. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिअरचा जन्म १९०७ सालचा, क्यूबेक प्रांतातल्या वालकूर गावातला. १९२२ च्या हिवाळ्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने फोर्ड मॉडेल टीचं जुनं इंजिन घसरगाडीवर चढवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन गावातून ती दणदणत नेली. उघड्यावर फिरणारा तो पंखा पाहून वडिलांनी गाडी मोडून टाकायला लावली. १९२६ मध्ये त्याने वालकूरमध्ये स्वतःचं गॅरेज उघडलं. त्या काळी तिथले रस्ते हिवाळ्यात साफ होत नसत. बर्फ पडला की मोटारी उभ्या राहात आणि मेकॅनिकचे हात रिकामे होत. ते रिकामे महिने त्याने बर्फावर चालणारी गाडी जुळवण्यात घालवले.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. शेरब्रुकचं इस्पितळ पन्नास किलोमीटरच्या आसपास, रस्ते बर्फाखाली, आणि गॅरेजमध्ये चालण्याजोगं एकही यंत्र तयार नव्हतं. मूल दगावलं. पुढच्याच वर्षी बॉम्बार्डिअरने दातेरी चाकावर फिरणाऱ्या रबरी ट्रॅकची रचना सिद्ध केली आणि १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. सात माणसांची ‘बी-७’ आणि नंतर बारा माणसांची ‘बी-१२’ ही त्यातूनच आलेली वाहनं. डॉक्टर, टपालवाले, पाद्री, शाळेची मुलं, लाकूडतोड्यांच्या टोळ्या, सगळे त्यांतून जाऊ लागले. १९४२ मध्ये कंपनी उभी राहिली.

यात गॅरेजवाल्याची नजर स्पष्ट दिसते. इंजिन स्वतः बनवण्याच्या फंदात तो पडला नाही. गावोगावच्या मेकॅनिकने आधी कधीतरी उघडलेलं, ज्याचे सुटे भाग जवळच्या शहरात मिळतील, असंच इंजिन त्याने निवडलं.

ही रीत एकट्या त्याची नव्हती. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलिअसनने १९२४ मध्ये आपल्या घसरगाडीवर अडीच अश्वशक्तीचं जॉन्सन कंपनीचं इंजिन लावलं, ते मुळात होडीच्या मागे लावायचं होतं. पायाच्या व्यंगामुळे त्याला मित्रांबरोबर बर्फातून शिकारीला चालत जाता येत नसे. १९५६ च्या सुरुवातीला मिनेसोटातल्या रोझो गावात, शेतीची अवजारं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, पोलॅरिस कंपनीची पहिली बर्फगाडी जुळली. तिला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन होतं, ट्रॅक धान्य वर चढवणाऱ्या साखळीचा होता आणि स्की शेव्हरोलेच्या बंपरमधून कापलेल्या होत्या. कामगारांचे पगार द्यायचे होते म्हणून ती गाडी ४६५ डॉलरला विकली गेली. मोटारीचं, होडीचं, शेतातलं, मिळेल ते इंजिन बर्फावर आलं. जवळपास चाळीस वर्षं खास बर्फासाठी घडवलेलं इंजिन बाजारात नव्हतंच, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ती चाळीस वर्षं मोठी सोयीची ठरली.

मग रस्तेच बदलले. १९४० च्या दशकाच्या शेवटी क्यूबेक सरकारने हिवाळ्यात ग्रामीण रस्ते मोकळे ठेवायला सुरुवात केली आणि मोठ्या बर्फगाड्यांचं गिऱ्हाईक आटलं. बॉम्बार्डिअरला एकदोघांनी वापरायची हलकी गाडी फार पूर्वीपासून बनवायची होती, पण जड इंजिन मऊ बर्फात गाडीला गाडून टाकत असे. १९५० च्या दशकाअखेर हवेवर थंड होणारी छोटी, हलकी इंजिनं मिळू लागली, तेव्हा ते जमलं. १९५९ च्या वसंतात त्याने एक नमुना ऑन्टारियोच्या उत्तरेला, लान्सडाउन हाउस इथे राहणाऱ्या मिशनरी मोरिस विमे या मित्राला दिला. या गाडीचं नाव ‘स्की-डू’. पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या, किंमत साधारण ९०० डॉलर. इंजिन कोहलर कंपनीचं, सात अश्वशक्तीचं आणि फोर-स्ट्रोक.

फोर-स्ट्रोक फार दिवस राहिलं नाही. काही वर्षांतच स्की-डूत ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सची टू-स्ट्रोक इंजिनं आली. १९७० मध्ये बॉम्बार्डिअर कंपनीने रोटॅक्सची मालकीच घेतली. या बदलामागचं कारण कडाक्याच्या थंडीत दोरी ओढून इंजिन सुरू करणाऱ्याला चटकन कळेल. फोर-स्ट्रोकच्या पोटात ऑईल साठवलेलं असतं. पारा उणे ४० अंशांवर उतरला की ते इतकं घट्ट होतं की क्रँक फिरवताना हात भरून येतात. टू-स्ट्रोकला असा साठा नसतो. ऑईल पेट्रोलबरोबरच येतं आणि जळून जातं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, त्यामुळे त्याच वजनात ताकद जास्त मिळते.

महाराष्ट्रात ज्यांनी चेतक किंवा लूना चालवली, त्यांना हे इंजिन नव्याने सांगायला नको. पंपावर पेट्रोलबरोबर ऑईल मोजून घेणं, काळा पडलेला प्लग घासणं, पिकअप गेला की बोअर करून घेणं हे तेच इंजिन आहे. किनेटिक होंडा ज्या बेल्टच्या जोरावर गिअर न बदलता पळायची, त्याच तत्त्वाचा रबरी बेल्ट बर्फगाडीत इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत नेतो. फरक आहे तो हवामानाचा, आणि तो फरक जीवघेणा आहे.

थंड हवा दाट असते. शून्य अंशाच्या मानाने उणे ४० अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे १७ टक्के जास्त हवा मावते. कार्ब्युरेटरचा जेट मात्र तेवढंच पेट्रोल सोडतो. परिणामी मिश्रण विरळ होतं, ज्वाला जास्त तापते, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. बाहेर सगळं गोठलेलं असताना पिस्टन वितळून भोक पडतं. गाडी पळत असते, उलट नेहमीपेक्षा जोरातच, आणि मग एकदम इंजिन जाम. उंचीवर हेच उलटं होतं. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. सियाचेनवर लष्कराच्या स्नो स्कूटर अशा पातळ हवेत चालतात, तिथे जेट लहान लागतो. कार्ब्युरेटरच्या काळात तापमान आणि उंची यांनुसार कोणता जेट घालायचा याचा तक्ता गाडीबरोबर मिळत असे, आणि इंजिनाचं आयुष्य बरंचसं त्या तक्त्याचं ऐकण्यावर अवलंबून असे.

दुसरा शत्रू म्हणजे घाई. ॲल्युमिनियमचा पिस्टन झटकन तापतो आणि फुगतो, भोवतीचा सिलिंडर अजून गार असतो. इंजिन सुरू करून लगेच सुसाट निघालं की पिस्टन आतच अडकतो. म्हणून जाणता माणूस आधी इंजिन तापू देतो, मग गाडीचा मागचा भाग उचलून ट्रॅक बर्फातून सोडवतो आणि पहिला टप्पा सावकाश जातो. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांत आणखी एक मेख आहे. त्यांचं गरम पाणी ट्रॅकच्या वरच्या नळ्यांतून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्या नळ्यांना गार करतो. गुळगुळीत गोठलेल्या सरोवरावर उडायला भुसभुशीत बर्फच नसतो. उणे ३० अंशांत इंजिन उकळण्याचा प्रसंग तिथे येतो.

या इंजिनांवर जगाचा विश्वास बसला तो १९६८ मध्ये. मिनेसोटातला राल्फ प्लेस्टेड हा विमा विकणारा गृहस्थ. एका वर्षापूर्वीचा बर्फगाड्यांवरून उत्तर ध्रुव गाठण्याचा त्याचा प्रयत्न वादळांनी हाणून पाडला होता. ७ मार्चला कॅनडाच्या वॉर्ड हंट बेटावरून त्याची तुकडी पुन्हा निघाली आणि १९ एप्रिलला चौघे जण उत्तर ध्रुवावर पोचले. दुसऱ्या दिवशी अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने जागेची खात्री केली. अमेरिकी संशोधक पिअरीने १९०९ मध्ये ध्रुव गाठल्याच्या केलेल्या दाव्यावर शंका असल्याने, बर्फावरून ध्रुवावर पोचल्याची ही पहिली निर्विवाद नोंद मानली जाते. गाड्या एका सिलिंडरच्या, सुमारे ३०० सीसी आणि १६ अश्वशक्तीच्या. चौघांमध्ये वॉल्ट पेडरसन हा मेकॅनिक होता आणि बॉम्बार्डिअरचा पुतण्या जाँ-लुक होता. जोसेफ-आर्मां स्वतः चार वर्षांपूर्वीच कर्करोगाने गेला होता. मोहिमेला विमानाने रसद येत होती हे खरं, पण सहा आठवडे फुटक्या, उंचसखल समुद्री बर्फावर ती एवढीशी इंजिनं चालती ठेवली ती मेकॅनिकच्या हातांनी. ध्रुवावर पोचलेल्या चार माणसांत एक मेकॅनिक असणं हा या प्रवासाचा सर्वांत बोलका तपशील आहे.

पण मोहिमा संपतात. ज्यांना दर हिवाळा याच यंत्रावर काढायचा होता, त्यांची कथा वेगळी आहे.

फिनलंडच्या उत्तर टोकाला सेवेत्तियार्वी भागात स्कोल्ट सामी लोक रेनडिअर पाळतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिली स्की-डू आली आणि दशक संपायच्या आत कळप राखण्याची पद्धतच पालटली. मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यांनी १९७३ च्या पुस्तकात या बदलाचा बारकाईने हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं असं की रेनडिअरला चारा रानातच मिळत होता, गाडीला लागणारी प्रत्येक वस्तू बाहेरून येते, पेट्रोल, ऑईल, प्लग, बेल्ट. ज्याच्याकडे रोकड त्याची गाडी चालू, ज्याच्याकडे नाही तो कळपापासून तुटला. इंजिनाची झीज तिथे माणसाच्या मिळकतीत मोजली गेली.

कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये इनुइट शिकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जागी स्की-डू जुंपली. १९६९ मध्ये कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी कुत्र्यांच्या घसरगाडीवरची शेवटची गस्त घातली. इनुइटांच्या हाती आलेली गाडी दक्षिणेत शनिवार-रविवारच्या मौजेसाठी बनलेली होती. तिला इथे शिकार केलेल्या सीलनी आणि सामानाने भरलेली लाकडी घसरगाडी, कामुतीक, शेकडो किलोमीटर ओढायची होती, खारट समुद्री बर्फावरून. दक्षिणेत वर्षानुवर्षं चालणारं इंजिन इथे काही मोजक्या हिवाळ्यांत संपायचं. त्यातून एक नवी विद्या जन्माला आली. जवळजवळ प्रत्येक शिकारी मेकॅनिक झाला. लांब जायचं तर दोन गाड्यांनी जायचं, बरोबर प्लग, बेल्ट आणि हत्यारं ठेवायची, आणि सकाळी इंजिन अगदीच गोठलं असेल तर वरून कॅनव्हास टाकून खाली स्टोव्ह पेटवायचा. वादळात वाट चुकली तरी कुत्रे माणसाला घरी आणत. बिघडलेल्या इंजिनाजवळ मात्र माणसाला स्वतःच्या हातांशिवाय काही नसतं. हे कौशल्य कुठल्याही तंत्रशाळेत शिकवलं गेलं नाही, आणि त्याची नोंद यंत्रांच्या इतिहासात फार कमी झाली आहे, हे खटकतं.

कंपन्यांची नजर तेव्हा दुसरीकडेच होती. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या घरात बर्फगाड्या विकल्या जात होत्या आणि बनवणारे शंभरावर होते. वेग हाच विक्रीचा मंत्र होता. मग १९७३ चं तेलसंकट आलं, कमी बर्फाचे हिवाळे आले आणि दशकभरात बहुतेक कंपन्या बुडाल्या. त्यांच्या गाड्या रातोरात पोरक्या झाल्या. इंजिन शाबूत, पण गॅस्केट मिळत नाही, पिस्टन मिळत नाही. या काळात चांगली इंजिनं झिजून मेली त्यापेक्षा सुट्या भागांवाचून जास्त मेली असावीत.

या गदारोळात दोन गाड्या वेगळ्या उठून दिसतात. एक स्की-डूची ‘इलान’. १९७१ मध्ये आलेली ही २५० सीसीची छोटी गाडी १९९६ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, फारसं रूप न पालटता बनत राहिली. पंख्याच्या हवेवर थंड होणारं साधं इंजिन, कानटोपी काढावी तितक्या सहज उघडणारं बॉनेट, आणि सगळ्या वर्षांच्या गाड्यांत बरेच भाग एकमेकांना बसणारे. फासे लावून शिकार करणाऱ्यांनी तिला सोडलं नाही. दुसरी रशियाची ‘बुरान’. व्होल्गाकाठच्या रीबिन्स्कमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनणारी ही गाडी पुढे एक स्की आणि मागे दोन ट्रॅक अशी आहे. दोन सिलिंडरचं, सुमारे ६४० सीसीचं, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोल खाण्यात हावरी, वेगाला मंद, पण टुंड्रात उघड्यावर मोजक्या पान्यांनी खोलून जोडता येणारी. सैबेरियातले रेनडिअर पाळणारे आजही ती वापरतात. नव्या गाड्या बाकी सर्व बाबतींत सरस असूनही बुरान अजून विकली जाते, याचं कारण त्या मोजक्या पान्यांत आहे.

बर्फगाडीचं इंजिन चालून जितकं बिघडतं तितकंच उभं राहून बिघडतं, ही बाब अनेकांना पटत नाही. वर्षातले सात-आठ महिने ते बंद असतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर जेट बुजवतो. दमट हवेने क्रँकच्या बेअरिंगांवर गंज चढतो. सायलेन्सरमध्ये उंदीर घर करतात. म्हणून हंगाम संपताना चालत्या इंजिनात ऑईलचा फवारा मारून आतले भाग माखायचे, पेट्रोलमध्ये टिकाऊपणाचं रसायन घालायचं किंवा टाकी रिकामी करायची, बेल्ट काढून ठेवायचा, ही रीत पडली. रोटॅक्सच्या ई-टेक या थेट इंधन फवारणाऱ्या टू-स्ट्रोकने २००८ नंतर हे काम स्वतःकडे घेतलं. ठरलेली क्रिया केली की इंजिन आपणच आतून ऑईल लावून घेतं आणि बंद होतं. उंदरांवर मात्र अजून इलाज निघालेला नाही.

फोर-स्ट्रोक परतलं ते टिकाऊपणाच्या ओढीने नव्हे, धुरामुळे. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९६३ पासून बर्फगाड्या जात होत्या. २००० च्या आसपास पश्चिम दारावरचे रक्षक धुराने हैराण होऊन तोंडाला मास्क लावून उभे राहू लागले. बंदी, खटले आणि नवे नियम यांची मालिका सुरू झाली. २००० मध्येच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ बर्फगाडीची स्पर्धा सुरू झाली, २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने धुरावर मर्यादा घातली. यामाहाने आपल्या आर-१ मोटारसायकलीच्या घराण्यातलं हजार सीसीचं इंजिन २००३ च्या आरएक्स-१ मध्ये बसवलं. तोवर पातळ राहणारी कृत्रिम ऑईल आणि बटणाने सुरू होणारी गाडी आली होती, त्यामुळे जुनी अडचण उरली नव्हती. ही इंजिनं हजारो किलोमीटर न उघडता चालतात. टिकाऊपणात ती निःसंशय पुढे आहेत. पण ती उघडावी लागली, तर बर्फावर बसून ते काम होत नाही. सेन्सर काय म्हणतो हे कळायला संगणक जोडावा लागतो.

दक्षिण ध्रुवाकडे हाच हिशेब वेगळ्या प्रकारे सुटला. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरणविषयक नियमांमुळे एप्रिल १९९४ पर्यंत तिथले सगळे कुत्रे हलवावे लागले आणि छोट्या प्रवासांना स्की-डूसारख्या गाड्यांवाचून पर्याय राहिला नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आज वास्को-द-गामाच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून मैत्री आणि भारती या तळांचा कारभार चालतो. तिथल्या हिवाळी तुकडीत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने वाहनं सांभाळणारे मेकॅनिक लागतात, कारण जहाज वर्षातून एकदाच येतं. सुटा भाग विसरला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो नाहीच.

उत्तरेकडे, कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या नुनावुत प्रदेशातल्या इनुइट वस्त्यांत घरांभोवती जुन्या बर्फगाड्या उभ्या दिसतात. कुणाचं बॉनेट नाही, कुणाची स्की नाही, काहींचा नुसता सांगाडा उरला आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो भंगाराचा ढीग वाटतो. घरमालकाला मात्र कोणत्या सांगाड्यात चालू कार्ब्युरेटर आहे, कोणाची कॉईल शेजाऱ्याकडे गेली आणि कोणाचा क्लच अजून दोन हिवाळे काढेल हे ठाऊक असतं. या प्रदेशात २५ वस्त्या आहेत आणि एकीलाही बाहेरून रस्ता नाही. नवा भाग मागवला तर तो विमानाच्या भाड्याने येतो, नाहीतर समुद्र मोकळा झाल्यावर जहाजाने.